बंद चिमणीचा अहवाल

बावीस वर्षं मी चिमण्यांवर चढतोय. माजिवड्याच्या लॅबमधून निघायचं, कारखान्याची शिडी चढायची, चिमणीच्या भोकातून नळी आत घालायची आणि धूर मोजायचा. पुष्कळजण खाली कँटीनमध्ये चहा पीत मागच्या वर्षीचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवतात. मी ते कधी केलं नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी धुपाची टक्केवारी काढाल.

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यातलं काम तर अगदीच किरकोळ होतं. जुना बॉयलर दोन वर्षांपूर्वी भंगारात गेलेला, चिमणी तेवढी उभी. प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र महिनाअखेर संपत होतं. या चिमणीतून काहीच बाहेर पडत नाही, असा अहवाल मी दिला की तिच्या तोंडावर पत्रा वेल्ड करायचा, तिला यादीतून काढायचं, आणि मग नवं संमतीपत्र. नाहीतर कारखाना बंद आणि साठ माणसं घरी.

"फॉर्मॅलिटी आहे सर," मॅनेजर देवयानी मॅडम म्हणाल्या. "वर नाही गेलात तरी चालेल."

तरी मी गेलो. सोबत तानाजी होता, बॉयलरवरचा जुना माणूस. एरवी तो राहतो त्या दिवा गावातल्या पाणीटंचाईवर तासभर बोलला असता, त्या दिवशी मात्र गप्प होता.

वर वारा होता. भोकावरचं लोखंडी झाकण हाताला कोमट लागलं. उन्हाने तापलं असेल म्हटलं, पण ती बाजू सावलीत होती.

यंत्र लावलं. बाहेरची हवा एकोणतीस अंश, आतली चौतीस. कार्बन डायऑक्साइड चार टक्के, ऑक्सिजन सोळा. ओल इतकी की नळीत थेंब जमले. खाली आग नाही, कोळसा नाही, बॉयलरकडून येणारा रस्तासुद्धा विटांनी बुजवलेला. मग हे येतंय कुठून?

यंत्रच बिघडलं असणार. तपासायला मी नळी बाहेर काढली आणि तोंडाजवळ धरून तिच्यात श्वास सोडला.

चौतीस. चार. सोळा.

मी नळी पुन्हा आत घातली आणि दाब मोजायच्या काचेकडे पाहिलं. धूर एकाच दिशेने जातो, त्यामुळे काचेतलं लाल पाणी एका जागी थांबतं. इथे ते चढत होतं, उतरत होतं, परत चढत होतं. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा.

"मला म्हायतीये साहेब," तानाजी हळूच म्हणाला. "दोन वर्षं झाली. तुम्ही शून्य लिहू नका. झाकतील ते."

"अहो, नाही लिहिलं तर तुमचीच नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण कोणाच्या नाकावर असा हात ठेवतात का?"

 मला भीती वाटली होती, आणि ती तानाजीला दिसू नये म्हणून मी घाईघाईने सामान आवरलं. मंडळाच्या फॉर्ममध्ये धूळ, गंधक, नायट्रोजन यांचे रकाने असतात. जे पाहिलं ते लिहायला रकानाच नव्हता. साठ माणसांची नावं पुढे करून मी स्वतःची समजूत काढली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कँटीनच्या टेबलावर बसून आकडा लिहिला. शून्य. खाली सही केली. चहा तसाच ठेवून निघालो.

शनिवारी पत्रा वेल्ड झाला. त्याच दिवशी तानाजी नोकरी सोडून गेला.

बुधवारी संमतीपत्र आलं. मॅडमनी फोन करून आभार मानले. त्यानंतर मला धड झोप लागली नाही. अखेर एक झाकण नीट बसवायचं राहिलंय, असं खोटंच सांगून मी शुक्रवारी दुपारी परत गेलो आणि एकटाच वर चढलो.

टोकावरच्या पत्र्याला कुठे फट नव्हती. काम चोख झालं होतं.

भोकाचं झाकण काढलं. आता ते थंड होतं.

नळी आत घातली. लाल पाणी सरसर उतरलं आणि तळाशी जाऊन थांबलं.

मी रुमाल भोकापुढे धरला. तो हातातून निसटला आणि आत गेला.

मग मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. खालून मॅडमनी हाक मारली, "सर, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

अकरा मिनिटं झाली होती. हवा अजून आतच जात होती.