दुकान एकच की तुमचं

खोक्यावर छापलेलं : दहा इंची पडदा. दिवसभराची बॅटरी. कव्हर मोफत.

मलकापुरात सातवीतल्या एका मुलीचा भागाकार अर्ध्यावर थांबला आहे, कारण पडदा काळा झाला आहे.

राजारामपुरीत एका बाईच्या पदराला रोज दुपारी जळक्या राळेचा वास येतो.

गारगोटीच्या शाळेत दोनशे चाळीस मुलांची यादी लिहून झाली आहे.

पिठलं गार झालं आहे.

खोक्यावर न छापलेलं : वायर हळू काढा.

*

पेढा चन्नम्माच्या तळहातावर होता, आणि तो ठेवणारा तिचा धाकटा दीर अमरेश तब्बल दोन वर्षांनी तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता. पुढच्या दुकानात तिचा नवरा रुद्राप्पा पाठ करून बसलेला. धाकटा भाऊ शेजारून आत गेला तरी त्यानं मान वळवली नव्हती.

अमरेशचा चेहरा उजळलेला होता. गारगोटीच्या शाळेनं त्याच्याकडं दोनशे चाळीस टॅब सांगितले होते. परवा सही होती, आणि वर्षभराची हमी तो स्वतःच्या नावानं लिहून देणार होता.

"दोन वर्सं झाली वैनी, एक बी पीस परत आला न्हाय. एक बी! दादाला म्हणावं, सस्तातला माल बी टिकतोय."

चन्नम्माच्या ओठांवर हसू होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी आनंदाचं आहे असं समजून तो निघूनही गेला... पेढा तिच्या हातात तसाच राहिला.

एकही परत आला नव्हता, कारण सगळे तिच्याकडं आले होते.

*

मुलांच्या शाळा फोनवर भरू लागल्या त्या वर्षापासून गल्लीत जो तो टॅब विकू लागला. एका कंपनीनं कव्हर फुकट दिलं की दुसरी मेमरी कार्ड द्यायची, आणि शनिवार उजाडेपर्यंत तिसरी किंमत खाली आणायची. रुद्राप्पा मात्र एकाच कंपनीचा, महागातला माल ठेवायचा आणि प्रत्येक नग उघडून, तपासून मगच द्यायचा. गिऱ्हाईक यायचं, किंमत ऐकायचं आणि पुढं जायचं. एक दिवस अमरेश चिडून म्हणाला, "दादा, लोक किंमत बघत्यात, तुमच्या कपाळाची विभूती न्हाय." रुद्राप्पानं शांतपणे उत्तर दिलं, "मग समोर मांड की तुजं दुकान."

त्यानं मांडलं. अगदी समोर, बारा पावलांवर. आणि त्या बारा पावलांत दोन भावांचं बोलणं कायमचं बुडालं.

चन्नम्मा मधल्यामध्ये राहिली. ज्याला तिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं, तो काचेपलीकडं हसताना दिसायचा, आणि दुरुस्तीच्या टेबलावर भिंग डोळ्याला लावून बसलेल्या तिला तेवढंच पुरेसं वाटायचं.

मग एका दुपारी शाहूवाडीकडचा केरबा आला. टॉवेलात गुंडाळलेला टॅब त्यानं टेबलावर ठेवला. चार्जिंगच होत नव्हतं. खोकं समोरच्या दुकानातलं होतं. मग इकडं कसा आलास, असं तिनं विचारलं, तेव्हा तो भाबडेपणानं म्हणाला,

"दुकान एकच की तुमचं, वैनी."

त्या एका वाक्यानं तिची जीभ अडली. 'न्हाय' म्हणायचं तर आपलं घर फुटल्याचं आपल्याच तोंडानं सांगायचं, आणि संध्याकाळच्या एसटीनं ते शाहूवाडीभर पोचणार! तिनं पेचकस उचलला. टॅब उघडला. आतला, वायर खोचायचा चार्जिंगचा जॅक पायातून सुटला होता. तिनं नवा बसवला, राळ लावून सोल्डर मारलं, आणि पैसे काढणाऱ्या केरबाला सांगितलं की हे कंपनीच्या हमीतच येतं, खिशात घाल ते.

केरबानं गावात सांगितलं. मग मलकापूरहून चिमणाबाई आली, मग तिची नात, मग कोण कोण... सगळ्यांचा आजार तोच. रुद्राप्पा जेवून लवंडला की ती हे काम काढायची. स्वतःच्या दुरुस्तीची गिऱ्हाइकं संध्याकाळवर ढकलायची, काही निघून जायची. भिंगाखाली डोळे चुरचुरायचे. पण जॅकचे पाय घट्ट बसले, पडद्यावर विजेची खूण उमटली, की तिचं अंतःकरण कृतज्ञतेनं भरून यायचं. सातवी शिकलेल्या आपल्या हातांना हे येतं! आणि हे हात त्याच्या उपयोगी पडतात!

आता त्याच उपकारानं त्याला खड्ड्याच्या काठावर आणून उभं केलं होतं. तिनं इतकं नीट झाकलं होतं की आपला माल कसा आहे, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. दोनशे चाळीस टॅब. सहा महिन्यांत निम्मे बंद पडतील, मुलांच्या हातात काळे पडदे राहतील, आणि हमीच्या कागदाखाली सही अमरेशची. सांगावं, तर तो म्हणणार वैनी जळते, आणि जे दुरून दिसणारं हसू होतं तेही जाईल. न सांगावं, तर त्याचं नाव जाईल.

रात्रभर नाही, फक्त ताटावर बसून पिठलं गार होईपर्यंत तिनं विचार केला. मग बिस्किटांचा एक जुना डबा उचलला आणि बारा पावलं चालून गेली.

*

काउंटरवर अमरेशची बायको भूमिका नव्या खोक्यांवर लेबलं लावत होती. चन्नम्मानं डबा उपडा केला. काढलेले जॅक, काळे, वाकडे, काचेवर खडखडत पसरले. तिनं सगळं सांगितलं. केरबापासून काल आलेल्या मलकापूरच्या पोरीपर्यंत.

अमरेश आधी हसला. मग त्याचा चेहरा कठीण झाला.

"दादानं पाठवलंय व्हय तुमास्नी? ऑर्डर मिळाली ते बघवंना?"

"त्यास्नी म्हाईत बी न्हाय."

"मग तुमालाच बघवंना झालंय."

भूमिकानं दचकून त्याच्याकडं बघितलं. चन्नम्मानं एक सीलबंद खोकं त्याच्यापुढं सरकवलं.

"फोड. वायर लाव आन् काढ. चाळीस डाव. पोरं काडत्यात तशी, ओढून."

अमरेशनं हट्टानं खोकं फोडलं. भूमिका मोजत होती. दहा. वीस. पडद्यावरची विजेची खूण प्रत्येक वेळी उमटत होती, आणि प्रत्येक वेळी तो वैनीकडं विजयानं बघत होता. सत्ताविसाव्या वेळी ती उमटली नाही. त्यानं वायर हलवली, फुंकली, दुसरी लावली.

भूमिकानं मोजणं थांबवलं.

शेवटी त्यानं काचेवरचा एक वाकडा जॅक उचलला आणि खालच्या आवाजात विचारलं, "मला एकदा तरी का बोलला न्हाईसा?"

"लोक म्हणायचे, दुकान एकच की तुमचं," ती म्हणाली. "न्हाय कसं म्हणू रं बाळा, माज्या तोंडानं?"

त्याची मान खाली गेली. भूमिकानं डोळ्यांना पदर लावला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की एवढे नवे जॅक वैनी आणत कुठून होत्या.

चन्नम्मा सांगू लागली, की सुरुवातीला वीस जॅकची एक पिशवी आणली होती... आणि थबकली. काचेवर साठाच्या वर जॅक पडले होते. पिशवी अजून संपली नव्हती. ती एकदाही कशी संपली नाही, कोण भरत होतं, हा प्रश्न दोन वर्षांत तिला पडलाच नव्हता!

तिनं वळून पाहिलं. समोरच्या दुकानात रुद्राप्पा उभा होता, इकडंच बघत. तिची नजर पडताच तो घाईघाईनं काच पुसू लागला. स्वच्छ होती ती.

अमरेशनंही पाहिलं. दुकान भूमिकावर सोडून तो गल्ली ओलांडून गेला, आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत भावाच्या पायांवर वाकला. रुद्राप्पाला काय करावं कळेना. पुसायचं फडकं हातात तसंच धरून तो पुटपुटला,

"इच्यारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी इच्यारलंच न्हाय मला."

मग फडकं टाकून त्यानं भावाला उठवलं, आणि मागून आलेल्या बायकोकडं बघून, जन्मात कधी न बोललेलं बोलला : "तुजं लई उपकार हायती ह्या घरावर."

*

गारगोटीला फोन अमरेशनं स्वतःच केला. हा माल मुलांच्या हातात द्यायच्या लायकीचा नाही, असं त्यानं मुख्याध्यापिकेला सरळ सांगितलं. त्यांनी विचारलं, मग चांगला कुठला? तेवढ्याच पैशांत रुद्राप्पाच्या कंपनीचे एकशे वीस गेले, दोन मुलांत एक. ते पोचवायला दोघं भाऊ एका टेंपोत बसून गेले आणि गिऱ्हाइकाला किंमत आधी सांगावी की माल आधी दाखवावा, यावर येताना वाटभर भांडले. अमरेशच्या काचेवरचा 'गल्लीत सगळ्यात स्वस्त' हा कागद भूमिकानं काढला आणि तिथं दुसरा चिकटवला : जुने पीस आणा, जॅक फुकट बदलून मिळेल.

ते काम आता अमरेशच्या दुकानात होतं. दुपारी दोन बायका एका टेबलाशी बसतात. चन्नम्मा दाखवते, भूमिका करते. शाहूवाडीचं कोणी आलं तर कुठल्या दुकानात शिरावं याचा त्याला विचार करावा लागत नाही.

चन्नम्माला सोल्डर मारायला अमरेशनंच शिकवलं होतं. तो तेव्हा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होता.