सुरंगीचा वळेसर

नम्रताला भुतांची भीती नव्हती. भीती होती ती ऑडिटची. लांज्याच्या काजू फॅक्टरीत सेफ्टी सांभाळायला माणसात जरा वजन लागतं. ते तिच्याकडे भरपूर होतं, जिना चढताना कळायचंच.

इथल्या बायांची एक रीत होती. टरफलांचा मोठा फिरता ड्रम साफ करायला आत शिरायचं, तर आधी डोक्यातली फुलांची वेणी काढून मेन स्विचच्या दांड्याला लटकवायची. वेणी दिसली की स्विचला कोणी हात लावत नसे. त्यांच्यातली चिमा आत असताना कोणीतरी स्विच दाबला आणि ती त्याच ड्रममध्ये सापडून मेली, तेव्हापासूनची रीत.

"फुलं कसली लावता गो?" नम्रताने फर्मान काढलं. "लाल कुलूप आणलंय. आत जाणारीने स्विचला लावायचं, किल्ली आपल्या कमरेला."

कुलूप मात्र तिने ऑफिसच्या कपाटात बंद केलं. ऑडिटला कोरं दिसायला नको?

गणपतीच्या तोंडावरची संध्याकाळ. लाइट गेली, तसा तिनेच मेन स्विच खाली केला. बाया चहाला गेल्या. लाइट आली तेव्हा शेडमध्ये नुसती पत्र्यावरची टपटप आणि काजूच्या चिकाचा उग्र वास. उरलेला माल फिरवून टाकू म्हणून ती स्विचकडे निघाली.

मध्येच वास बदलला. गोड, दाट, डोक्यात चढणारा.

दांड्यावर पिवळ्या फुलांचा गजरा, वळेसर होता. ताजा.

"परत फुलं!" ती पुटपुटली. ओढून काढायला हात उचलला... आणि तो तिथेच राहिला. खाली येईना, पुढे जाईना.

"मॅडम...?" ड्रममधून आवाज आला.

"कोण?"

"मी, गुणवंती. लाइट गेली म्हणून शिरले वो साफ करायला."

नम्रता ड्रमच्या तोंडाशी धावली. "अगो, कुलूप?"

"कपाटात. आणि कपाटाला तुमचं कुलूप."

"वेणी लावलीस म्हणून वाचलीस..."

"मी कुठची वेणी? ती रीत तुम्हीच बंद केलीत ना?" गुणवंती टरफलं झटकत बाहेर आली, आणि वासासरशी थबकली. "मॅडम... ही सुरंगी. शिमग्याच्या दिवसांत फुलते. आता कुठची?" तिचा आवाज खाली गेला. "आम्ही सगळ्या अबोलीवाल्या. सुरंगी एक चिमाच घालायची..."

दोघींचे हात आपसूक जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी गुणवंतीने स्विचला लाल कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि ड्रममध्ये शिरली. नम्रता तिथेच उभी राहिली, नजर न हलवता. एकदाच शिंक आली, तेवढेच डोळे मिटले.

उघडले, तर बंद कुलपाच्या कडीत सुरंगीचा गोल वळेसर ओवलेला. तिने हलक्या बोटांनी दोरा पूर्ण फिरवून पाहिला.

गाठ कुठेच नव्हती.