घर क्रमांक ११४, मालक मृत

यातलं एकही वाक्य वाढवलेलं नाही. अर्चनाने जे सांगितलं, ते तिच्याच क्रमाने इथे आहे.

अर्चना रसायनशास्त्र शिकलेली. नेपानगरच्या कागद कारखान्यात, प्रयोगशाळेत, ती नऊ वर्षं लगदा तपासते. जे मोजता येत नाही त्याबद्दल ती सहसा बोलत नाही.

म्हणून हेही तिने दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

जागा बऱ्हाणपूर. तारीख १७ मे २०२३, बुधवार.

रात्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मागच्या पॉवरलूमची खटखट तेवढी चालू होती. अर्चनाची सुट्टी होती आणि घराचा कर पाहायचा होता. घरात ते काम तिचंच.

"या साली किती बढवला ते पाहून घे," सासरे, लीलाधर, खाटेवरून म्हणाले. ते अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

तिने मोबाइलवर कर खात्याचं पान उघडलं. घराचा क्रमांक टाकला. ११४.

ते पान वाचायला ती स्वतःच शिकली होती. घर कुठल्या भागात, बांधकाम पक्कं की कच्चं, किती चौरस फूट, आणि राहतं कोण... एवढ्यावरून कर ठरतो. मालक स्वतः राहत असेल तर सूट मिळते. मालकाचं नाव सगळ्यात वर असतं.

पान हळूहळू उघडलं.

नाव बरोबर होतं. लीलाधर. पण त्यापुढे आणखी एक शब्द होता...

मृत.

अर्चनाने मान वळवून पाहिलं. अडकित्ता चालू होता.

तिने पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच.

हा शब्द या घराच्या नोंदीत तिने याआधी एकदा पाहिला होता. पाहिला कसला... तिनेच भरला होता.

घर मुळात लीलाधरांचं नव्हतं. त्यांच्या धाकट्या भावाची विधवा, भागाबाई, तिच्या नावावर होतं. त्या दुपारच्या अडीच वर्षं आधी भागाबाई मुलीच्या बाळंतपणाला फोपनारला गेली. चार महिने राहिली. तेवढ्यात लीलाधरांनी ती मेल्याचा दाखला पैदा केला. पंचनाम्यावर दोन सह्या झाल्या. एक त्यांची, एक त्यांच्या मुलाची, म्हणजे अर्चनाच्या नवऱ्याची. अरविंदची.

नाव बदलायचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. तो अर्चनाने भरला.

"पण काकू तर आहेत ना?" तिने विचारलं होतं.

"तुला कागद भरायला सांगितलाय," लीलाधर म्हणाले होते. "सवाल नको करू."

आधीच्या मालकाची स्थिती, असा एक रकाना होता. तिने त्यात 'मृत' निवडलं.

भागाबाई परतली तेव्हा दाराला नवं कुलूप होतं. वर्षभर ती कर खात्याच्या खिडकीवर खेटे घालत राहिली. खिडकीतून एकच उत्तर. रिकॉर्डमध्ये तुम्ही जिवंत नाही, बाई. मेलेल्या माणसाचा अर्ज घेता येत नाही.

शेवटची ती घरी आली तीही मे महिन्यात, भरदुपारी. कडी वाजवताना तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या; नवरा गेल्यावरही तिने त्या सोडल्या नव्हत्या. दाराशी उभी राहून तिने पाणी मागितलं. अर्चना उठली. आतून सासऱ्यांचा आवाज आला.

"बाहेर कोणी नाहीये. दार लाव."

अर्चनाने दार लावलं.

आठ दिवसांनी भागाबाई फोपनारला वारली. या वेळी खरोखर.

तिच्या जाण्याला त्या बुधवारी बरोबर एक वर्ष झालं होतं.

अरविंद घरी आल्यावर अर्चनाने त्याला मोबाइल दाखवला. तो हसला. "सर्व्हरचा घोळ आहे. बाबा तर दोन भाकरी जास्त खाऊन राहिले." तो केळीच्या ट्रकांची दलाली करायचा. घोळ त्याला रोजचे.

पण दुसऱ्या दिवशी लीलाधर रेशनच्या दुकानातून रिकाम्या हाताने आले.

"मशीन अंगठा घेत नाही," ते म्हणाले.

मग पानवाला त्यांच्या हाकेला ओ देईना. शेजारी ओट्यावर गप्पा मारायचे, लीलाधर मध्ये बोलले की गप्पा तशाच पुढे जायच्या... जणू कोणी बोललंच नाही. ते चिडून काठी आपटायचे. काठीचाही आवाज यायचा नाही.

अर्चनाने हे नीट तपासलं. फरशीवर काठी आपटताना ती स्वतः शेजारी उभी राहिली. काठी टेकलेली दिसली.

आवाज नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीचला, बाहेरची कडी वाजली. दोनदा. हळू.

अर्चनाने दार उघडलं. ओट्यावर कोणी नव्हतं. फक्त बांगड्यांचा बारीक आवाज तिच्या अंगाला घासून आत गेला... काचेच्या बांगड्या.

ती आतल्या खोलीत धावली.

खाट रिकामी होती. चादरीवर माणूस झोपल्याचा खोलगट ठसा होता. अडकित्ता उघडाच होता.

पोलिसांत तक्रार झाली. फोटो छापून आला. लीलाधर सापडले नाहीत. पण खाटेवरून खोकला यायचा. रोज. अर्चनाला आणि अरविंदला, दोघांनाही ऐकू यायचा. आलेल्या पाहुण्यांना नाही.

महिन्याभराने खोकलाही थांबला.

त्या दिवशी अर्चनाने पुन्हा ११४ क्रमांक टाकला. कोणीही अर्ज केला नव्हता. तरी मालकाचं नाव बदललं होतं.

अरविंद. पुढचा रकाना रिकामा होता.

"जा आणि लिहून दे," ती म्हणाली. "पंचनामा खोटा होता म्हणून. काकूंचं नाव परत लागू दे. घर भूमिकाला मिळू दे."

भूमिका म्हणजे भागाबाईची मुलगी.

"पागल झाली का तू? घर तर जाईलच, वरून केस होईल."

"अरविंद, तुझे बाबा कुठे आहेत?"

तो जेवण अर्धं टाकून उठला.

अर्चना रोज सकाळी कारखान्याच्या गाडीत बसली की ते पान उघडायची. रकाना रिकामा असायचा. मग एका सोमवारी...

तो भरला होता.

तिने फोन लावला. "आज कोणी तुझ्याशी बोललं का?"

"कोणी फोनच उचलत नाहीये," अरविंद म्हणाला. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "शाहपूरच्या मंडीत तासभर उभा आहे. माणसं माझ्या अंगावरून बोलून राहिली, अर्चना. अंगावरून."

मग तो कबूल झाला. रडत कबूल झाला.

दुसऱ्याच दिवशी दोघं कर खात्याच्या खिडकीवर गेले. आत यादव नावाचे बाबू होते. अरविंदने रात्री जागून तीन पानी जबाब लिहिला होता. तो त्याने खिडकीतून आत सरकवला.

यादवबाबूंनी चहाचा कप उचलला, आणि अरविंदच्या खांद्यावरून मागे बघून म्हणाले, "चला, पुढे कोण आहे?"

"साहेब, मी आहे," अरविंद म्हणाला. "मी खोटी सही केली. माझी काकू जिवंत होती."

"पुढे कोण?"

"साहेब, मी..."

अर्चना पुढे झाली. "हे माझे मिस्टर. यांचा जबाब घ्या."

यादवबाबूंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारच्या जागेकडे. त्यांचा स्वर मऊ झाला. "मॅडम, बसून घ्या जरा. पाणी देऊ का?"

त्यांनी समोरचे कागद उचलले आणि उलटेपालटे केले.

तिन्ही पानं कोरी होती.

अर्चना कागद ओळखते. पानांवर पेनचा दाब उमटलेला होता. बोटाला लागत होता. शाई नव्हती.

मग तिने तिथेच उभ्या उभ्या स्वतःचा जबाब लिहिला. अर्ज मी भरला. बाई जिवंत आहे हे मला माहीत होतं. खाली सही केली.

ती शाई राहिली.

चौकशी झाली. सहा आठवड्यांनी नोंद दुरुस्त झाली. मालक भागाबाई, वारस भूमिका. अरविंदचं नाव नोंदीतून गेलं. अर्चनाला वाटलं, आता तो सुटेल.

तो सुटला नाही. तो घरातच होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला असायचा. अर्चनालाच दिसायचा, दिवसेंदिवस पुसट. आवाज मात्र यायचा. एकच वाक्य असायचं त्याचं.

"तिला सांग ना मला माफ करायला."

भूमिका किल्ली घ्यायला आली ती ऑक्टोबरमध्ये. दुपारची. सोबत कोणी नव्हतं. अर्चनाने सामान बांधून ठेवलं होतं. ती नेपानगरच्या क्वार्टरमध्ये जाणार होती.

भूमिकाने घर फिरून पाहिलं. भिंतींवरून हात फिरवला. मग बाहेरच्या खोलीत आली आणि थबकली.

खुर्चीत अरविंद होता. त्याने दोन्ही हात जोडले होते. "भूमी," तो म्हणत होता. "भूमी, चुकलो गं. भूमी..."

भूमिका खुर्चीकडे बघत होती. बराच वेळ. तिची नजर नेमकी त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर होती. अर्चनाने ते अंतर मनात मोजलं. चूक नव्हती.

"भूमिका," अर्चना कशीबशी म्हणाली, "तुला कोणी दिसतंय का तिथे?"

भूमिकाने पदर सावरला.

"नाही वहिनी," ती शांतपणे म्हणाली. "कोणी नाहीये."

आणि ती त्या खुर्चीत बसली.

खुर्ची एकदाच कुरकुरली.

त्यानंतर अर्चनाने अरविंदचा आवाज कधी ऐकला नाही. भूमिकाला खरंच काही दिसलं होतं का, हे विचारायचं धाडस तिला अजून झालेलं नाही. क्वार्टरच्या दाराची कडी कधी दुपारी वाजते. टपालवाला असतो, शेजारीण असते.

पण दार उघडण्याआधी ती पाण्याचा तांब्या भरून हातात घेते.