फ्लायव्हीलच्या खिडकीतला हात

त्या शनिवारी सुमैयाने पुन्हा चुकीचा पाना दिला.

भांडगावला हायवेलगत अब्बांचं ट्रकचं गॅरेज होतं. अब्बा एका ट्रकखाली आडवे झाले होते. बाहेर दिसत होते ते फक्त पाय. खालून हात आला. "बारा-तेरा दे गं."

सुमैयाने दिला.

"हा चौदा-पंधरा हाय!" अब्बा न बघताच म्हणाले. "उद्या चहात साखर म्हणून मीठ घालशील!"

"तरी तुम्ही गपचूप प्याल!"

ट्रकखालून बराच वेळ हसू ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा, गावाचे इक्बाल मिस्त्री, उठलेच नाहीत. झोपेतच त्यांचं हृदय बंद पडलं.

मे महिन्याची सुट्टी लागली तोवर गॅरेज अझरुद्दीनचाचांनी हाती घेतलं होतं. घरात अब्बांचं नाव कोणी काढत नव्हतं. गिऱ्हाईकं मात्र काढायची. सुमैयाच्या मैत्रिणीच्या, मोनिकाच्या वडिलांनी, खुटबावच्या हनुमंतमामांनी, ट्रक लावताना स्पष्टच सांगितलं होतं, "अझरभाई, इक्बालभाईची गोष्ट येगळी व्हती. ह्या टायमाला गाडीत बिघाड निघाला, तर मी दौंडचा मिस्त्री धरणार."

हनुमंतमामा गेले की बाकीचेही जाणार, आणि गॅरेजला कुलूप लागणार. सुमैयाला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या दुपारी चाचा क्लचचं सामान आणायला मोटरसायकलवरून दौंडला गेले होते. सुमैया, मोनिका आणि चाचांचा आठ वर्षांचा शाहरुख टायरवर बसून कैऱ्या खात होते. तेवढ्यात हनुमंतमामांचा नवा ड्रायव्हर हौसराव ट्रकखालून बाहेर आला.

"काय करत होता, मामा?" सुमैयाने विचारलं.

"झोपलो व्हतो. सावली हाय न् खाली!"

"मग हात एवढे काळे कसे?" शाहरुख म्हणाला. "काळं स्वप्न पडलं का?"

"लई शाना हायेस! च्या पिऊन येतो, मग गाडी चालू करून बघतो. मला तळेगाव ढमढेऱ्याला कांदा भरायचाय, शिरूरला न्यायचाय. तुमच्या चाचाची वाट कोण बघत बसंल!"

तो टपरीकडे वळताच तिघं ट्रकखाली घुसली. इंजिनाच्या मागे एक लोखंडी पेटी असते. तिच्यात फ्लायव्हील नावाचं मोठं दातेरी चाक फिरतं. पेटीला खालून तळहाताएवढी खिडकी असते. तिचं झाकण एकाच बोल्टवर लोंबत होतं!

"दुसरा बोल्ट कुठाय?" मोनिका कुजबुजली.

सुमैयाने झाकण सरकवून टॉर्चचा उजेड आत टाकला. चाकाच्या वरच्या अंगाला, कडेला, काहीतरी चमकलं.

"आत पडलाय! यानंच क्लच बघायला उघडलं, बोल्ट आत पाडला, आन् चाक फिरवताना तो दात्यांसंगं वर गेला!"

"मग चालू केली तर?"

"दाते तुटतील, पेटी फुटंल. आन् नाव चाचांचं!"

चाचांना फोन लावला. ते गाडीवर असताना कधीच उचलत नसत. लोहचुंबकाची कांडी आत घातली, तर ती दर वेळी पेटीच्या भिंतीलाच चिकटायची. आत सगळंच लोखंड!

"माझा हात जाईल," सुमैया म्हणाली.

तिने चाकाला लागून हात वर सरकवला. मनगट आत गेलं, मग कोपराखालचा सगळा हात. बोटांना थंड, खरखरीत काहीतरी लागलं. "सापडला!" बोल्ट मुठीत घेऊन तिने हात ओढला. हात येईना! कुर्त्याची बाही दात्यांत अडकली होती. ओढावं तशी ती आणखी आवळत होती.

"थांब, मी साबण आणते!" मोनिका पळाली. शाहरुखही तिच्यामागे सरपटत बाहेर गेला.

सुमैया एकटीच राहिली. पाठीखाली तापलेली माती, नाकापासून चार बोटांवर ट्रकचं पोट. हायवेवरून गाड्या धडधडत होत्या. कूस बदलता येईना, मान वळवता येईना. कानाशी तेलाचा थेंब पडला. तिने डोळे मिटले, मग घाईघाईने उघडले. बंद डोळ्यांनी जागा आणखीच लहान वाटत होती.

आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून टायरशेजारी हौसरावच्या चपला दिसल्या.

"मामा! थांबा! मी खाली हाय!"

दार धाडकन लागलं. केबिनमध्ये मोठ्यानं गाणं सुरू झालं.

काम चालू असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं आणि ते मिस्त्रीनेच सोडायचं, ही या गॅरेजची रीत. पण ट्रकवाले आरशाला, हँडलला कसलीकसली फडकी बांधतातच. हौसरावला वाटलं, मालकाने नजर लागू नये म्हणून बांधलंय. त्याने ते सोडून आरशाला लटकवलं!

साबण घेऊन आलेल्या मोनिकाने ते पाहिलं. "मामा, चालू करू नका!" ती समोर उभी राहून दोन्ही हात हलवू लागली. हौसरावला वाटलं, पोरगी नाचतेय. त्याने हसून हॉर्न दिला आणि चावी फिरवली.

टक्.

पुढे काहीच नाही. त्याने पुन्हा फिरवली. काहीच नाही!

बॅटरीच्या पेटीपाशी शाहरुख उभा होता. बॅटरीची वीज तोडणारा कटऑफचा दांडा त्याने दोन्ही हातांनी खाली दाबून धरला होता. "म्या बंद केलं," तो ओरडला. "दीदी खाली हाय!"

हौसराव केबिनमधून उडी मारून उतरला. खाली वाकून बघितलं आणि टपरीवरच्या माणसांना हाका मारू लागला.

थोड्याच वेळात चाचा आले, त्यांच्या मागोमाग हनुमंतमामा. चाचा ट्रकखाली शिरले. ब्लेडने बाही कापली, साबणाचं पाणी ओतलं, आणि हात हळूहळू बाहेर आला. काळानिळा. मूठ अजून मिटलेलीच. चाचांनी एकेक बोट उलगडलं. आत बोल्ट होता.

"आधी कटऑफ, मग हात! कळलं का?" चाचा ओरडले.

"चूक माझी हाय," हौसराव खाली बघत म्हणाला. "बोल्ट मीच पाडला, आन् बोललो न्हाई."

हनुमंतमामा चाचांकडे वळले. "अझरभाई, गाडी हितंच राहील. आजबी, उद्याबी." त्यांनी शाहरुखला उचलून बोनेटवर बसवलं, मोनिकाची पाठ थोपटली. "आन् ही पोरगी बघा! एवढा हात अडकला, पर डोळ्यात टिपूस न्हाई! शाब्बास गं!"

टपरीवरची माणसंही जमली होती. सगळे शाब्बास, शाब्बास म्हणू लागले. चाचा मांडीवर तिचा हात घेऊन तेल चोळत होते.

"चाचा," सुमैया म्हणाली.

"दुखतंय?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मला अब्बा पाहिजेत."