हार्लनचा पत्रा

रविवारी चर्चहून आले, कपडे बदलले आणि गॅरेजमध्ये गेले. आमच्या गॅरेजात गाडी नाही, विमान आहे. वर्लिनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरी पत्रे कापून बांधत आणलेलं. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे बिनआट्यांचे खिळे, मारायला त्याला दुसरा माणूस लागतो, आणि लग्न झाल्यापासून तो दुसरा माणूस मीच.

काम तसं सोपं. तो पलीकडून हवेच्या हातोड्याने रिव्हेट ठोकतो, मी शेपटात हात घालून आतून लोखंडी ठोकळा दाबून धरते. आम्ही एकमेकांना दिसत नाही, कानात बोळे, म्हणून मी पत्र्यावर ठोकून सांगते. एकदा ठोकलं की बसला. दोनदा ठोकलं की अजून हाण.

त्या दिवशी शेपटाला लावायचा पत्रा मात्र आमचा नव्हता. आमचा त्याने घाईत टेबलाच्या धारेवर वाकवला आणि त्याला तडा गेला. मग हा बाबा हार्लनच्या मोडक्या विमानाचा उचलून घेऊन आला. हार्लन त्याचा मित्र. गेल्या उन्हाळ्यात विमानासकट सोयाबीनच्या शेतात पडला, जागच्या जागी गेला. दोघांनी एकाच लाकडी साच्यावर पत्रे ठोकलेले, त्यामुळे भोकं तंतोतंत जुळली.

"मेलेल्या माणसाचा पत्रा? शी! लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"पत्र्याला काय कळतंय मालक कोण ते? शनिवारी उडवायचंय मला, आर्डिस. धर ठोकळा."

मी खांद्यापर्यंत हात आत घातला. आत ओलं लागलं. चिकट, कोमट. बोटं बाहेर काढून पाहिली, तर तपकिरी लाळ. हार्लन सदानकदा गालात तंबाखू धरायचा आणि मिळेल त्या डब्यात थुंकायचा. एकदा तर मेला माझ्या कॉफीच्या डब्यात थुंकला होता. तोच गोडसर, कुजका वास. ठोकळा आतच टाकून मी अंगणात धावले आणि भडाभडा ओकले.

मागे हातोडा चालूच होता.

तोंड धुऊन परत आले, तर रिव्हेटची ओळ संपलेली. वर्लिन कानातले बोळे काढत होता.

"वा गं वा! आज दरवेळी एकदाच ठोकलंस, दोनदा एकदाही नाही."

"वर्लिन... मी इथे नव्हते."

"मग कोण होतं, तुझी आई?"

मी बुटावरची ओकारी दाखवली. त्याचं हसू मावळलं. आम्ही बॅटरी मारून आत पाहिलं. सगळे रिव्हेट छान चेपलेले. ठोकळा कुठेच नव्हता. पत्र्यावरून ताजी थुंकी ओघळत होती.

"काढ तो पत्रा. मला विधवा व्हायचं नाही."

त्याने ड्रिल माझ्याच हातात दिलं. पहिला रिव्हेट उडवला. भोकातून तपकिरी तार लोंबली. आणि आतून पत्र्यावर ठोकलं... एकदा...

दोनदा.

मी ड्रिल टाकून पळाले. तेव्हापासून गॅरेजला कुलूप आहे. वर्लिन आता उडवायचं नावही काढत नाही. चला, निदान तेवढं तरी झालं, म्हणून मी जरा निवांत होते.

आज सकाळी कॉफी करायला डबा उचलला. जड लागला. झाकण उघडलं तर तपकिरी थुंकीने काठोकाठ भरलेला, आणि अजून कोमट.

एकाच रिव्हेटचं भोक मोकळं केलं होतं हो मी...