ब्रदरने खाल्लेले दहा

दिवा राहू दे बंद. आणि भाचीबाई, हसायचं नाही. उद्यापासून तूही वॉर्डात कामाला लागणार, म्हणून तर सांगतोय. ही आमच्या ब्रदरची गोष्ट. वॉर्डातल्या पुरुष नर्सला ब्रदरच म्हणायचे सगळे.

मी तेव्हा ॲम्ब्युलन्स चालवायचो. सतरा तारीख, गुरुवारची रात्र. ब्रदरला घेऊन शेजारच्या शहरातून एक इंजेक्शन आणायचं होतं. काम साधं. पण एरवी बडबड्या माणूस, वाटभर नुसता घड्याळ बघत होता.

त्याची बायको सात नंबरच्या खाटेवर होती. पोटाचं ऑपरेशन छान झालं, आणि चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. रक्तात जंतू. तेही हॉस्पिटलमधलेच, औषधं पचवून निर्ढावलेले. तपासणीच्या कागदावर एकूण एक औषध निकामी निघालं. उरलं होतं ते हे एकच, आणि त्याचीही खात्री कुणी देईना.

आता नीट ऐका. मानेतल्या नळीतून औषध देताना तिचं टोक आधी स्पिरिटने घासायचं, पंधरा मोजेपर्यंत, नाहीतर टोकावरचे जंतू थेट रक्तात. ब्रदर पाचला थांबायचा. एकट्याच्या गळ्यात बावीस पेशंट, करणार काय? बायकोच्या आधी त्या खाटेवर एक म्हातारे मोजणीदार होते. जन्मभर जमिनी मोजलेल्या, कानामागे पेन्सिल कायम. ते मोठ्याने आकडे मोजायचे आणि हसायचे, "ब्रदर, आजही दहा खाल्लेस रे!" मग त्यांनाही तोच ताप आला. आठवडाभरापूर्वी गेले बिचारे. तरी ब्रदरच्या हाताची सवय सुटली नाही. बायकोच्या नळीलाही त्याने पाचच मोजले.

आम्ही परतलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. ती डोळे मिटून कण्हत होती. ब्रदरने सुई भरली. नळीचं टोक धरलं. घासायला लागला.

"एक..."

आवाज खाटेच्या पलीकडून आला. पलीकडे नुसती भिंत.

"दोन... तीन..."

मी दारात होतो. मीही ऐकला. ब्रदरचा हात चालूच.

"चार... पाच."

मग... काहीच नाही.

ब्रदर भिंतीकडे वळला. "मोजा ना, काका," म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. पुढे मोजा..."



पुढचे दहा त्यानेच मोजले. मोठ्याने. हुंदके देत. औषध गेलं. तिने डोळे उघडले. "थंडी वाजतेय हो," एवढंच म्हणाली.

पहाटे पाच वीसला ती गेली.

सकाळी खाट धुवायला काढली. तिच्या तापाचा तक्ता माझ्या हातात आला. सहज उलटला. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. सारख्या अंतरावर, जमीन मोजावी तशा. वॉर्डात सगळे पेनानेच लिहायचे.

मी मोजल्या.

दहा.