पिवळ्या पोटाचं विमान

शत्रूचं पकडलेलं विमान आपल्याच तोफेनं पाडलं होतं, आणि आत बसला होता आपलाच वैमानिक.

तपासनीस पोचला तेव्हा सांगाडा धुमसत होता. विमानतळाचे प्रमुख टोपी काढून उभे होते. मेलेला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. शत्रूचं विमान स्वतः उडवून ते कुठे कच्चं पडतं हे शोधायचं, हे त्याचं काम. ओळखू यावं म्हणून विमानाचं पोट पिवळं रंगवलं होतं. शिवाय प्रत्येक उड्डाणाआधी टेलिफोनवरची मुलगी तोफांच्या ठाण्यांना कळवायची : पिवळं पोट येतंय, हात आवरा.

"टेकडीवरच्यांना तिनं कळवलंच नाही," प्रमुख म्हणाले. "कोठडीची किल्ली माझ्या खिशात आहे. उद्या भिंतीशी उभी करून गोळी घालतो तिला."

"विमान आपलं होतं हे टेकडीवर कळलंय?"

"नाही. शत्रू पाडला म्हणून त्यांचा फोन आला, तशी ती लाइनच मी तोडायला लावली."

कोठडीतल्या मुलीचे डोळे सुजले होते. "आईशप्पथ, मी फोन केला होता! 'समजलं' म्हणाले."

"कोण?"

"दमलेला आवाज होता. नाव कोण विचारतं, साहेब?"

टेकडीवर जायला प्रमुखही निघाले. "पाडणाऱ्याचं तोंड बघायचंय मला."

"मग गाडीतच बसा. आणि तोंडातून ब्र काढू नका."

ठाण्यावर आनंदीआनंद होता. "रिकाम्या हातानं आलात होय, साहेब?" एक दांडगा तोफची ओरडला. "आजचं धरून सहा पाडली!" त्यानं नळीवर थाप मारली आणि हात झटकला. "अजून चटका देतेय, सटवी!"

नळीभोवती पाच पांढरी कडी होती, उष्णतेनं तांबूस पडलेली.

"ही कसली?"

"विमानामागे एक. नळी गरम असतानाच ओढायचं, म्हणजे रंग पक्का धरतो. तो मान काकांचा."

काका म्हणजे तोफेचे म्होरके. खोक्यावर बसून ते दुर्बीण पुसत होते.

"काका, फोन आला होता?"

"नाही."

"फोन कोण घेतं?"

"मीच."

"आमच्या कानांत बोळे असतात, साहेब," तोफची म्हणाला. "आम्ही काकांच्या हाताकडे बघतो."

"पिवळं पोट दिसलं नाही?"

"उन्हातून आलं," काका म्हणाले. "उन्हात सगळीच पोटं काळी."

"मुलंबाळं?"

पुसणारा हात थांबला. "एक होता. वैमानिक. जोडीनं गेले, त्याला टाकून जोडीदार एकटाच परतला. चौकशी झाली. सुटला."

तपासनीस त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मग हलकेच म्हणाला, "आज पाडलंत ते विमान आपलं होतं."

तोफचीचं हसू मावळलं. बाकीचे जागच्या जागी उभे राहिले. काकांनी मान वर केली नाही.

"लाइन तुटलेली, म्हणून या पोरांना हे आत्ता कळलं. तुम्हांला मात्र तोफ डागण्याआधीच ठाऊक होतं. शत्रू पाडला असं खरंच वाटलं असतं, तर नळी तापलेली असताना तुम्ही केव्हाच सहावं कडं ओढलं असतंत. तुम्ही रंगाचा डबा उघडलाच नाहीत. म्हणजे मुलीचा फोन आला होता. 'समजलं' म्हणणारे तुम्हीच. आणि पिवळं पोट एकटाच उडवणारा वैमानिक म्हणजे तो जोडीदार."

"मी डबा आणला तर अंगावर खेकसले," तोफची पुटपुटला.

गाडीचं दार आपटलं. प्रमुख पिस्तुलावर हात ठेवून समोर आले.

"मारा," काका उठले. "चौकशीच्या खुर्चीत तुम्हीच होतात. भाऊ म्हणून सोडलंत त्याला. आता तुम्हीही एकटेच परत जा."

"आणि ती पोर?" तपासनिसानं विचारलं. "ती तुमच्यापायी मेली असती."

काका खाली बसले.

तोफचीला रडू फुटलं. "एक कडं ओढून टाकायचं होतंत, काका! कोणाला कळलं असतं?"

"शत्रूंच्या रांगेत त्याला कसा बसवू?" काका म्हणाले. "माझा पोरगा त्याला दादा म्हणायचा."

प्रमुखांचा हात पिस्तुलावरून घसरला. खिशातली किल्ली काढून त्यांनी तपासनिसाच्या हातावर ठेवली. गाडीकडे न वळता ते पायीच उताराला लागले, एकटे.